मेमरीचे भाव आणि व्यापाऱ्याचा शब्द

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत आजवर कापसावर, गुळावर, तंबाखूवर, सुतावर आणि अलीकडे वस्तू व सेवा करावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या वर्षी आम्ही ज्या वस्तूविषयी लिहावयास बसलो आहोत, तिची लांबी सात सेंटिमीटर व रुंदी तीन सेंटिमीटर असून ती सदऱ्याच्या खिशात सहज मावते. लॅपटॉपमध्ये बसविण्याची मेमरीची पट्टी, बाजारात जिला नुसते ‘रॅम’ म्हणतात, ती ही वस्तू होय. वस्तू लहान म्हणून विषयही लहान, असे कोणी समजू नये. २०२५ च्या दिवाळीपासून ह्या पट्टीच्या भावाने आपल्या बेळगाव भागातील कित्येक पेढ्यांत आणि घरांत जे वादंग माजविले, तसे गुळाच्या तेजीनेही फार वर्षांत माजविलेले नाही. शिवाय त्या वादात पैशांहून मोलाची एक गोष्ट पणास लागली आहे, असे आमचे मत झाल्यामुळे हा लेखनप्रपंच.

रॅमशी आमचा काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस व्यापाऱ्यास आता उरलेले नाहीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या सभासदांस प्रत्येक नोंदीतील फेरफाराचा माग ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे भाग पडले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून पाच कोटींवरील उलाढालीच्या पेढ्यांस ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. दिवाळीस आपण लाल वहीची पूजा करतो, परंतु खरी खातेवही लॅपटॉपच्या पोटात असते हे सर्वजण जाणतात. पुष्कळ पेढ्यांवर आता वहीशेजारी लॅपटॉप मांडून त्यासही कुंकू लावतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या जुन्या प्रणालीचा कंपनीकडून मिळणारा आधार संपला. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेली, चार किंवा आठ जीबी मेमरीची यंत्रे ज्यांच्याकडे होती त्यांनी विचार केला, की नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा जुन्यातच एक पट्टी वाढवू. विचार अगदी काटकसरी व्यापाऱ्यास शोभेल असाच होता. मुहूर्त मात्र वाईट निघाला.

ज्या सभासदांस यंत्राच्या अंतरंगाशी कर्तव्य नाही त्यांच्याकरिता एवढेच सांगतो, की मेमरी म्हणजे मुनिमाच्या पुढ्यातील बैठे मेज, आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे पाठीमागचे फडताळ. फडताळ कितीही मोठे असले तरी ज्या वह्यांवर आता काम चालले आहे त्या मेजावरच उघडाव्या लागतात. मेज अपुरे पडले की मुनीम एक वही मिटून दुसरी काढीत बसतो. यंत्र ‘अडकते’ ते ह्यामुळे. १९६६ मध्ये आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड ह्यांस ह्या मेमरीची युक्ती सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा किंचित साठा करणारी एक सूक्ष्म कुपी, एवढ्यावर एक अक्षरांश टिकवून धरावयाचा. परंतु कुपीतील वीज झिरपत असल्याने सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ती पुन्हा भरावी लागते. सेकंदाला पंधराएक वेळा उजळणी केल्याशिवाय ज्या स्मृतीस काहीच आठवत नाही, तिच्यावर आपण सर्व हिशेब टाकला आहे, ही गंमतच म्हणावयाची.

आता भावाकडे वळू. २०२५ च्या प्रारंभी लॅपटॉपची आठ जीबीची डीडीआर ४ पट्टी दोन हजार रुपयांच्या आत सहज मिळे. वर्ष सरता सरता तिच्या दुप्पट-तिप्पट दाम मागितले जाऊ लागले, आणि नव्या डीडीआर ५ जातीच्या पट्ट्यांचेही तेच झाले. इतकेच नव्हे, तर सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी राहीनासा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बंगळूरच्या एस. पी. रोडवरून माल आणणाऱ्या आपल्या दुकानदारांस घाऊक व्यापारी ‘भाव फक्त आजचा’ असे सांगू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुष्कळ वस्तूंवरील कर कमी झाल्याच्या बातम्या वाचून गिऱ्हाईक सूट मागावयास येत होते. लॅपटॉप व त्याचे सुटे भाग पूर्वीप्रमाणेच १८ टक्क्यांत राहिले आहेत हे त्यांस समजावून सांगावे, तोच मूळ भावच चढलेला. डिसेंबरात रुपया डॉलरला नव्वदीपलीकडे घसरला, ती भर वेगळीच. ज्या मालाची आंतरराष्ट्रीय बोली डॉलरमध्ये होते, त्यास हा दुसरा मार बसणारच.

ह्याचे कारण आपल्या गल्लीत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ही मेमरी मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या जगात तीनच कंपन्या आहेत: दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतील मायक्रॉन. सुमारे नव्वद टक्के माल ह्या तिघींचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणकगृहांस एचबीएम नावाची एकावर एक थर रचलेली मेमरी लागते, आणि तिला नफा मोठा. परंतु एक जीबी एचबीएम करण्यास एक जीबी डीडीआर ५ च्या मानाने सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. म्हणजे त्या बाजूस एक पोते गेले, की आपल्या बाजूची तीन कमी होतात. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआय ह्या कंपनीने सॅमसंग व एसके हायनिक्स ह्या दोघींशी प्राथमिक करार जाहीर केले. त्यांत महिन्यास नऊ लाख वेफरपर्यंत, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्यांपर्यंत, मजल नेण्याची भाषा होती. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने आपला ‘क्रुशिअल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा प्रसिद्ध छापच बंद करीत असल्याचे सांगितले. मोठे गिऱ्हाईक दाराशी गाडी घेऊन उभे राहिले, म्हणून शेरभर घेणाऱ्यास दुकानदाराने फळी लावून दाखविली, असा हा प्रकार.

आणखी एक विपरीत गोष्ट घडली. डीडीआर ४ ही जुनी जात आहे. ती आता बनविणे कमी करावयाचे असे कारखानदारांनी ठरविले. व्यापारात जुना माल स्वस्त व्हावयाचा. परंतु २०२५ च्या मध्यास ह्या जुन्या मालाचा हजर बाजारातील भाव काही काळ नव्या मालाच्याही वर गेला. बनविणारे थांबले, वापरणारे मात्र थांबलेले नव्हते. आपल्या पेढ्यांवरील बहुतेक यंत्रे त्याच जुन्या जातीची, म्हणून झळ प्रथम आपणांस लागली.

तेजी नवी असली तरी ह्या धंद्याचा स्वभाव जुनाच आहे. १९७० मध्ये इंटेल कंपनीने ११०३ ह्या नावाने अशा मेमरीचा पहिला यशस्वी बाजारी नग विकावयास काढला. आणि १९८५ मध्ये त्याच इंटेलने जपानी मालाच्या स्वस्ताईपुढे हात टेकून हा व्यवसाय सोडला. जुलै १९९३ मध्ये जपानातील नीहामा येथे एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. तो कारखाना मेमरी बनवीत नव्हता. चिपवर चढविण्याच्या आवरणास लागणारी राळ बनवीत होता. परंतु जगातील अशा राळेचा निम्म्याहून अधिक पुरवठा तेथून होत असल्यामुळे मेमरीचे भाव तडकले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानात भूकंप झाला, पुन्हा तेच. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधील वूशी येथील हायनिक्सच्या कारखान्यास आग लागली, पुन्हा तेच. उलट, मंदी आली म्हणजे ती अशी येते, की मोठमोठी घराणी बुडतात: जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये आणि जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१७ व २०१८ मध्ये तेजी होती, २०१९ मध्ये भाव कोसळले. २०२३ मध्ये तर ह्याच कंपन्या अफाट तोटा सोसून उत्पादन कमी करीत होत्या. दर तेजीच्या शिखरावर ‘आता हा माल कधीच उतरणार नाही’ असे सांगणारे भेटतात, आणि दर वेळी नवे कारखाने पुरे होताच भाव उतरलेला आहे. मात्र असा कारखाना उभा करावयास वर्षे लागतात. मायक्रॉनच्या आयडाहोतील नव्या कारखान्याचा पहिला माल २०२७ च्या सुमारास निघावयाचा, असे कंपनीनेच सांगितले आहे.

येथे आपल्या व्यापाऱ्यांनी विचार करावा असा एक मुद्दा आहे. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. ज्याच्या पदरी दम तो थांबे आणि भाव आला की पेव उघडी. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी शहाणपण हे अशा मालावर पोसलेले आहे. संगणकाच्या धंद्याने ह्याच्या नेमके उलट शिकविले. तेथे आज घेतलेला माल महिन्याने स्वस्त होतो आणि चार वर्षांनी कोणी विचारीत नाही. म्हणून शहाणा दुकानदार साठा ठेवीतच नाही. गिऱ्हाईक आले, फोन केला, पार्सल मागविले, बसवून दिले. पंचवीस-तीस वर्षे हा क्रम उत्तम चालला. परंतु भाव उलटा फिरला त्या दिवशी ह्या दुकानदारांच्या फळीवर चार पट्ट्यासुद्धा नव्हत्या, आणि खिशात मात्र जुन्या भावाने घेतलेल्या ऑर्डरी होत्या. तेजी झाली म्हणजे व्यापारी गबर होतो, हा लोकांचा समज ह्या ठिकाणी अगदी चुकीचा आहे. तेजीत ज्याच्याकडे माल नाही तो पहिल्याने मरतो.

आणि येथेच तो वाद उपस्थित झाला. आमच्या कानांवर अनेक तक्रारी आल्या. त्यांतील दोन नावे गाळून सांगतो. एका शिक्षणसंस्थेने वीस लॅपटॉपांकरिता पट्ट्या मागविल्या, निम्मी रक्कम आगाऊ दिली. दहा दिवसांनी दुकानदाराने रक्कम परत केली व ‘माल येत नाही’ असे कळविले. आणि त्याच आठवड्यात तोच माल दुसऱ्या गिऱ्हाइकास चढ्या भावाने विकला. दुसरी तक्रार अशी, की एका दुकानदाराकडे जुन्या भावाचा थोडा साठा होता आणि त्याने तो नव्या भावाने विकला, म्हणून गिऱ्हाइकाने भर पेठेत त्यास लुटारू म्हटले.

लोक ह्या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात. आमच्या मते त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. न विकलेला माल आजच्या भावाने विकणे ह्यात अधर्म नाही. आज दोन हजारांची वस्तू दोन हजारांस दिली आणि उद्या ती भरून काढण्यास पाच हजार मोजावे लागले, तर ते दुकान तिसऱ्या खेपेस रिकामे होईल. शिवाय हाच दुकानदार मंदीत चार हजारांची खरेदी अडीच हजारांस विकतो, तेव्हा कोणी गिऱ्हाईक त्यास वरचे दीड हजार आणून देत नाही. मर्यादा आहे ती छापील कमाल किमतीची. तिच्यावर घेणे हा वैध मापनशास्त्राच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि छापील आकड्यावर वाढीव किमतीची चिठ्ठी डकविणे हाही आहे. पूर्वी ह्या पट्ट्यांवरील छापील किंमत प्रत्यक्ष भावाच्या इतकी वर असे की तिच्याकडे कोणी पाहात नसे. आता पाहावे.

परंतु आगाऊ रक्कम घेऊन ठरलेला सौदा मोडणे, ही गोष्ट वेगळी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो, स्वीकारल्यानंतर नाही. कायद्याचेही एक वेळ बाजूस ठेवू. आपल्या वाडवडिलांनी रुमालाखाली बोटे धरून लाखांचे सौदे केले. त्यांत ना कागद होता ना साक्षीदार. कापूस चढला म्हणून ज्याने हात आखडला त्याचे पुढे कोणी बोट धरले नाही. आम्हांस अशीही दोन-तीन दुकाने ठाऊक आहेत, की ज्यांनी पदरचे सोसून जुन्या भावाने पट्ट्या दिल्या. वीस पट्ट्यांमागे पन्नास-साठ हजारांचा तोटा ही लहान दुकानास थोडी गोष्ट नव्हे. कोणी म्हणेल, हा मूर्खपणा. आम्हांस तसे वाटत नाही. आणि ज्यांस तसे वाटते त्यांनी आपली पुढील मोठी खरेदी आपण कोणाकडे करू, ह्याचे उत्तर मनाशी द्यावे.

काही सभासदांनी सुचविले, की संघाने रॅमचे दरपत्रक काढावे व सर्वांनी त्याच भावाने विकावे, म्हणजे गोंधळ संपेल. सूचना सद्‌हेतूची आहे, परंतु ती मुळीच स्वीकारू नये. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वये व्यापारी संघटनांनी मिळून भाव ठरविणे बेकायदेशीर आहे, आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांस ह्या कायद्याखाली दंड झालेले आहेत. योगायोग असा, की मेमरीच्याच धंद्यात ह्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण घडले आहे. १९९९ ते २००२ ह्या काळात कारखानदारांनी आपसांत भाव ठरविल्याबद्दल अमेरिकेत इन्फिनिऑनला १६ कोटी, हायनिक्सला १८ कोटी ५० लाख आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. पुढे २०१० मध्ये युरोपीय आयोगानेही ३३ कोटी युरोंवर दंड ठोठावला. जे सॅमसंगला परवडले ते आपल्या संघास परवडणारे नाही. दरपत्रकाऐवजी व्यवहाराचे नियम सुचविणे संघास शक्य आहे, आणि त्याविषयी शेवटी लिहीत आहोत.

गिऱ्हाईक ह्या नात्यानेही आपल्या कुटुंबांस काही सांगणे आहे. पट्टी घेण्यापूर्वी ती लागते का ते पाहावे. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती टक्के भरली आहे ते बघावे. साठ-सत्तर टक्क्यांवर काम भागत असेल, तर पट्टी वाढवून हिशेब लवकर होणार नाही. यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविण्याने जो फरक पडतो तो मेमरीने पडत नाही. (एसएसडीही ह्या तेजीच्या लाटेत महागली आहे, हे खरे.) तिसरे, पुष्कळ नव्या पातळ लॅपटॉपांत मेमरी मूळ फलकावरच डाखलेली असते, तेथे पुढे वाढ करता येतच नाही. म्हणून नवे यंत्र घेणाराने ‘नंतर वाढवू’ ह्या भरवशावर आठ जीबी घेऊ नये. आधी स्लॉट आहे की नाही ते दुकानदाराकडून लिहून घ्यावे. डीडीआर ३ च्या पट्टीस २०४, डीडीआर ४ ला २६० व डीडीआर ५ ला २६२ टाचण्या असतात आणि खाच निरनिराळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. स्वस्त मिळाली म्हणून भलत्याच जातीची पट्टी घेऊन आलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींस ह्या तेजीचा मार सर्वांत अधिक बसला आहे. त्यांच्या कामास सोळा जीबी खरोखरच लागते, आणि त्यांचे दरमहाचे पैसे मात्र घरून मोजूनच येतात.

जुन्या पट्ट्यांचा बाजार ह्या काळात भरभराटीस आला आहे. जुना माल घेण्यात वाईट काही नाही, कारण मेमरी सहसा झिजत नाही. परंतु चिठ्ठी बदलून कमी वेगाची पट्टी अधिक वेगाची म्हणून विकणारे असतात. दुरुस्तीस दिलेल्या लॅपटॉपातून पट्टी काढून घेतल्याच्या गोष्टीही ऐकू येतात. यंत्र देताना मेमरी किती व कोणत्या छापाची हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि प्रामाणिक दुरुस्तीवाल्याने ते मागण्यापूर्वीच लिहून द्यावे. त्यात अपमान मानू नये. आजन्म हमी असलेल्या पट्ट्यांच्या हमीपत्रातील शब्दही वाचावेत. बिघडल्यास बदली पट्टी मिळणार की खरेदीच्या वेळची रक्कम परत मिळणार, ह्या दोहोंत पूर्वी फरक नव्हता. आता तो दुप्पट-तिपटीचा आहे.

सरकारने काही करावे, असे म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे, की जो माल आपल्या देशात बनत नाही त्याचा भाव दिल्लीत बसून बांधता येत नाही. गुजरातेत साणंद येथे मायक्रॉनचा जो कारखाना २०२३ मध्ये जाहीर झाला, तो मेमरीची जुळणी व चाचणी करण्याचा आहे. सिलिकॉनची चकती परदेशीच कोरली जाते. रोजगाराच्या दृष्टीने तो स्वागतार्हच आहे, परंतु त्यामुळे बेळगावात पट्टी स्वस्त होईल अशी आशा करणे, म्हणजे गावात पिठाची गिरणी आली म्हणून गहू स्वस्त होईल असे मानण्यासारखे आहे.

संघाच्या सभासद दुकानदारांस आमची सूचना दोन ओळींची आहे. कोटेशनवर ‘हा भाव अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत’ असे स्पष्ट छापावे, मग ती मुदत एका दिवसाची का असेना. आणि आगाऊ रकमेच्या पावतीवर ‘रक्कम मिळाल्यानंतर भाव बदलणार नाही’ असे छापावे. ज्यास दुसरी ओळ पाळणे शक्य नाही त्याने माल हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम घेऊ नये. नवी कोटेशन-बुके बहुधा दिवाळीपूर्वी छापावयास जातात. छापखान्यात मजकूर देताना ह्या दोन ओळींस जागा ठेवावी.